मूकपटातला क्राइम ड्रामा बघताय? आधी स्पीड नीट करा

लेखक कादंबरीसाठी मसाला शोधत गुंडांच्या अड्ड्यावर जातो आणि हळूहळू त्यांच्यातलाच होऊन बसतो, असल्या गोष्टीचा मूकपट पहिल्यांदा लावला की दहा मिनिटांत हसू यायला लागतं, कारण माणसं तुरुतुरु पळतात, खूनसुद्धा विनोदी वाटतो. पण यात पिक्चरचा दोष बरेचदा नसतोच, कॉपीचा असतो.

तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, त्यामुळे सेकंदाला फ्रेम किती याचा काही नेम नाही, साधारण १६ ते २४ च्या मधे. बोलपट आले आणि २४ पक्कं झालं. आता १८ ने काढलेला पिक्चर २४ ने चालवला तर सगळे घाईत दिसणारच ना! ऑनलाइन बघत असाल तर स्पीड ०.७५ करा, १८ भागिले २४ तेवढंच येतं. कोणी सिगरेट पेटवतंय, जिना उतरतंय असा सीन धरून बघा, हालचाल जड वाटली तर परत वाढवा. १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी काढलेल्यांना हे सहसा लागत नाही.

आवाज खुशाल म्यूट करा. थिएटरात पियानो नाहीतर ऑर्गन समोर बसून वाजवायचे, अपलोडवर कोणी काय चिकटवलंय देव जाणे.

रात्रीचं पण लक्षात ठेवा. रात्रीचे सीन बरेचदा दिवसाच शूट करून प्रिंट निळी रंगवायचे. तुमच्या कॉपीत तो रंग उडालेला असेल तर चोर भर दुपारी खिडकीतून शिरतोय असं वाटेल, तिथे मनातल्या मनात अंधार करून घ्या.

आणि फोन लांब ठेवा, इथे कानाने काही कळत नाही. चिठ्ठी, पेपरची बातमी पडद्यावर आली की पॉज करून वाचा, अर्धी गोष्ट तिथेच असते.

सुरुवात १९२७ च्या 'अंडरवर्ल्ड' ने करा. कथा बेन हेक्टची, शिकागोत पेपरात काम केलेला माणूस, पहिल्याच ऑस्करमधे कथेचं बक्षीस त्याला. यात लेखक नाही, दारुडा वकील आहे, पण शहाणा माणूस गुंडाच्या नादी कसा लागतो ते मस्त दिसतं. सुरुवातीला तो वकील झाडू मारत असतो आणि वरून नायिकेच्या अंगावरच्या पिसांतलं एक पीस तरंगत खाली येतं, ते पीस दगडासारखं पडलं तर स्पीड चुकलाय.