बँडमध्ये नवीन लागणाऱ्या पोरांसाठी: वजन, पट्टा आणि अडकलेली मिरवणूक

लगीनसराई जवळ आली की दोन-चार कॉलेजची पोरं हमखास विचारायला येतात, बँडमध्ये लागायचंय, काय काय यायला लागतं. त्यांना वाटतं सूर यायला पाहिजे, गाणी पाठ पाहिजेत. ते सगळं बँडमास्तर शिकवतात हो, वेळ लागतो पण येतं. अंगाचं मात्र कुणी शिकवत नाही, आणि निम्मी पोरं पहिल्याच सीझनला सोडून जातात ती अंगामुळे, सुरामुळे नाही. मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला, नंतर बेस ड्रम, आणि आता युफोनियम, म्हणजे फुंकायचा मोठा पितळी बाजा, वाजवतो, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यातल्या वराती आणि मिरवणुका. त्यामुळे पट्ट्याचं आणि फुंकायचं दोन्हीकडचं थोडं सांगता येईल.

आधी वजनाचं. क्लॅरिनेट किलोभराच्या आत, ट्रम्पेट किलोच्या जरा वर, टेनर सॅक्सोफोन साडेतीन किलोच्या आसपास, युफोनियम चार-पाच किलो, साइड ड्रम साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त, आणि अंगाभोवती गुंडाळलेला तो मोठा सोसाफोन पितळी असला तर दहा किलोच्या वर. आकडे बघून सगळे म्हणतात मला ट्रम्पेट द्या. बरं, हातात एक किलोची पिशवी घेऊन हात छातीसमोर वर धरा आणि पंधरा मिनिटं तसंच उभं राहा, मग बोलू. ट्रम्पेटला पट्टा नसतो, सगळा भार दंडावर आणि मानेच्या मुळावर. क्लॅरिनेटचं तर सगळं वजन उजव्या अंगठ्यावर असतं, अंगठ्याच्या सांध्याची वाट लागते, म्हणून जुने लोक गळ्यात दोरी अडकवतात आणि त्यात लाजायचं काही नाही. उलट सोसाफोन बघायला राक्षस, पण तो १८९३ च्या सुमारास अमेरिकेत सूसा नावाच्या बँडमास्तरसाठी बनवला तो अशा हिशोबानंच की वजन डाव्या खांद्यावर बसावं आणि आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जावा. जड आहे, पण नीट बसतो.

म्हणजे किती किलो ह्यापेक्षा ते किलो कुठं लटकलेत हे बघायचं. बेस ड्रम पोटासमोर असतो. तो पुढं ओढतो म्हणून आपण नकळत मागं झुकतो, कंबर आत जाते, आणि पाठीच्या खालच्या स्नायूंना ड्रमच्या वजनाच्या कितीतरी पट ताकद लावायला लागते, कारण ड्रम मणक्यापासून वीतभर लांब आणि ते स्नायू मणक्याला चिकटून. ड्रम जितका अंगाजवळ तितकं बरं. पट्टा सैल सोडून ड्रम मांडीवर आपटत चालणारी पोरं बघितली की मला आधी त्यांची कंबर दिसते. आमचे मास्तर ओरडायचे, "खांदा न्हवं, कंबर वापर की रे!" म्हणजे पट्टा एका खांद्यावर टाकायचा नाही, पाठीवर फुली करून दोन्ही खांद्यांवर घ्यायचा आणि खालून कमरेला एक रुंद पट्टा बांधायचा, मग बरंचसं वजन कमरेच्या हाडावर उतरतं. दुकानात मिळणारा अरुंद पट्टा तर वापरूच नका, बॅगा शिवणाऱ्याकडून चार बोटं रुंद, आत फोम घातलेला करून घ्या, एका सुपारीच्या, म्हणजे एका कार्यक्रमाच्या पैशात होतो. ड्रम आणि पोट ह्यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा.

तालमीतली पोरं येतात, जोर-बैठका मारलेली, त्यांना वाटतं हे काय वजन. दोन तासांनी तीच सगळ्यात आधी खांदा चोळायला लागतात. वजन एकदा उचलणं वेगळं आणि तेच न हलता धरून ठेवणं वेगळं.

आणि खरी गोष्ट ही की बँडमध्ये चालून कोण दमत नाही, थांबून दमतात. पलटणीचा बँड बघा, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच बेळगावात आहे, ते ठरलेल्या तालात पावलं टाकत सरळ निघून जातात. आपली वरात किंवा मिरवणूक तशी चालतच नाही. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, चित्ररथ रात्रीचे निघतात, पुढचा ट्रॅक्टर अडकला की मागचं सगळं ठप्प, आणि आपण रामलिंग खिंड गल्लीत उभे, वाजवणं मात्र चालूच. गणपती विसर्जनाला तर उजाडलं तरी मंडळं कपिलेश्वरच्या तलावाच्या वाटेवरच असतात. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखं रक्त वर ढकलत असतात, उभं राहिलं की ते बंद, रक्त पायात साठतं, चक्कर येते, गुडघे ताठ केले तर आणखी लवकर. म्हणून थांबलं की गुडघे थोडे सैल, वजन ह्या पायावरून त्या पायावर, टाचा वर-खाली, तालावर डुलतोय असं लोकांना वाटू दे. मिरवणूक खरंच अडकलीय असं दिसलं की ड्रम काढून खाली ठेवा, त्यासाठी बकल नको, पटकन सुटणारा हूक पाहिजे. आणि बेस ड्रमला जोडीदार ठरवूनच जा, अर्ध्या-पाऊण तासानं बदली. मालक म्हणतो एकाच माणसाचे पैसे देणार, तर झांज वाजवणाऱ्याशी अदलाबदल करा पण एकट्यानं रात्र काढू नका.

फुंकणाऱ्यांचा त्रास वेगळा. कमरेचा पट्टा आवळून बांधला तर पोट फुगायला जागा राहत नाही, श्वास वरवरचा होतो आणि मग सूर धरायला ओठांवर माउथपीस, म्हणजे बाज्याचं फुंकायचं तोंड, दाबून धरायची सवय लागते, ओठ सुजतात. आणि दात! माउथपीस ओठावर असताना पाय खड्ड्यात गेला तर पितळ सरळ पुढच्या दातांवर. आपल्या गल्ल्यांतले स्पीड ब्रेकर, उघडी गटारं, पावसाळ्यात गणपतीला झालेला चिखल, हे सगळं रात्री जनरेटरच्या लाइटमध्ये दिसत नाही. त्यामुळे टाच आधी, मग पाऊल हळूच पुढं लोळवत टेकायचं, वरचं अंग हलू द्यायचं नाही. रस्ता फारच खराब असला तर तेवढी चार पावलं वाजवू नका, कुणाला कळत पण नाही, ड्रम चालू असतोच.

ड्रेसबद्दल मालकाशी भांडून उपयोग नाही, तो जाड लाल कोट आणि टोपी मे महिन्यात पण घालायलाच लागते. आतून सुती बनियन घाला, दुसरं सोबत ठेवा. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामातून मीठ जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, हे घरूनच करून न्या. लग्नात कुंदा, जिलेबी पुढं येते, ती वाजवून झाल्यावर. मधेच खाल्ली तर चूळ भरल्याशिवाय तोंडाला बाजा लावू नका, साखर आत जाऊन पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या दांड्या, चिकटतात. गावाकडच्या लक्ष्मीच्या यात्रेत तर भंडारा इतका उधळतात की समोरचा माणूस पिवळा दिसतो, तिथं श्वास भरून घेताना तोंड खाली करा, आणि घरी आल्यावर पिस्टन काढून धुवायचा कंटाळा करू नका.

कानाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या नायोश ह्या संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबलमध्ये जास्तीत जास्त आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ताशाच्या नाहीतर साइड ड्रमच्या शेजारी तुम्ही रात्रभर असता. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, स्वस्तात. हसतील, हसू दे.

शाळेच्या बँडला पोरगं पाठवणाऱ्या पालकांनी एक बघा. २०२० च्या राष्ट्रीय स्कूल बॅग धोरणात दप्तर पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं आहे, आणि पस्तीस किलोच्या पोराला २६ जानेवारीच्या तयारीत आपण पाच किलोचा ड्रम रोज तास-दोन तास अडकवतो. सरांना सांगा, तालीम बसून घ्या, ड्रम अडकवून चालणं शेवटचे थोडे दिवस.

नवीन लागणाऱ्यानं सीझनच्या आधी महिनाभर असं करावं: पहिल्यांदा बाजा अडकवून नुसतं चालायचं, न वाजवता. मग उभं राहून वाजवायचं. दोन्ही जमलं की मग चालत वाजवायचं, आणि घराजवळ चढ असेल तर चढावर, कारण कपिलेश्वरच्या पुलावर चढताना फुंकून बघितल्याशिवाय दम म्हणजे काय ते कळत नाही. जोडीला रोज सूर्यनमस्कार, पोट आणि पाठ दोन्ही तयार होतात.

एवढं करून पण दुखणारच. खांदा-पाठ दुखायलाय आणि दोन दिवसांत कमी होतंय, तर ते चालायचंच. पण हाताला मुंग्या येतायत, बोटं सुन्न पडतायत, टिपरू, म्हणजे ड्रमची काठी, हातातून निसटतंय, तर पट्ट्यानं खांद्याजवळची नस दाबली जात असू शकते, तिथं मलम चोळत बसू नका, पट्टा बंद करून डॉक्टरला दाखवा. आणि रात्री दोन वाजता सगळं संपल्यावर टेम्पोत बेस ड्रम चढवताना एकट्यानं कंबरेत वाकून उचलू नका, अंग थंड पडलेलं असतं आणि सगळ्यात जास्त कमरा तिथंच लचकतात. ड्रायव्हरला हाक मारा, तो बसूनच असतो.