बॉस मरत नाही? आधी त्याचा खांदा बघा

"भावा, ह्यो बॉस मरतच न्हाई!" कोल्हापुरातल्या गेमिंग कॅफेत संध्याकाळी ही तक्रार हमखास कानावर येते. बॉस म्हणजे गेममधला मोठा, सहजासहजी न पडणारा शत्रू. अडचण बहुतेक वेळा बोटांच्या वेगाची नसते. समोरचा काय करणार हे कळायच्या आत बटणं दाबली जातात, आणि सुरू झालेला वार बऱ्याच गेममध्ये अर्ध्यात सोडता येत नाही. तेवढ्यात बॉस आपलं काम करून जातो. ॲक्शन-ॲडव्हेंचर गेममधली लढाई पुढच्या क्रमाने शिका.

१. आधी टीव्ही. घरी कन्सोल टीव्हीला जोडला असेल तर 'गेम मोड' चालू करा. एरवी टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि वार तुम्हाला उशिरा दिसतो. गेममध्ये 'परफॉर्मन्स'चा, म्हणजे देखणेपणापेक्षा वेगाला महत्त्व देणारा, पर्याय असेल तर तोच घ्या. सेकंदाला ३० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते, ६० असतील तर सुमारे १७. पॅरीचा, म्हणजे ऐन वेळी बटण दाबून शत्रूचा वार परतवण्याचा, खेळ अशा मोजक्या फ्रेममध्येच संपतो.

२. डिफिकल्टी (काठिण्यपातळी) निवडताना तिच्याखालची ओळ वाचा. काही गेममध्ये वरच्या पातळीवर शत्रूचा फक्त जीव वाढतो, म्हणजे तेच काम जास्त वेळ करायचं. मला हा प्रकार आळशीपणाचा वाटतो. 'स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर' (२०१९) मात्र स्पष्ट दाखवतो, की पातळीनुसार पॅरीला मिळणारा वेळ, शत्रूच्या वाराची ताकद आणि त्याचा आक्रमकपणा बदलतो. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये सर्वांत वरची पातळी घेतली तर मधेच खाली येता येत नाही, म्हणून पहिल्यांदा खेळताना तिच्या वाटेला जाऊ नका. 'सेकिरो' (२०१९) मध्ये तर निवडच नाही.

नवख्याने मधली पातळी घ्यावी. सोपी घेण्यात कमीपणा काहीच नाही, पण तिथे शत्रू दुसरा वार करायच्या आधीच पडतो आणि त्याचे डाव बघायलाच मिळत नाहीत.

३. पहिल्या भेटीत मारू नका, बघा. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. तालमीतला पोरगा समोरच्याच्या खांद्यावरून आणि पायाच्या ठेवणीवरून ओळखतो, की आता हा पट काढायला वाकणार. बॉसचंही तसंच वाचायचं. त्याच्या प्रत्येक हल्ल्याचे तीन भाग असतात: हत्यार उगारणं, वार, आणि वारानंतर सावरणं. तुमची संधी तिसऱ्या भागात. तिथे एक-दोन फटके मारा आणि मागे या. तिसऱ्याची हाव धरली की मार बसतो.

'एल्डन रिंग' (२०२२) मधले काही बॉस हत्यार उगारून मुद्दाम थांबतात. तिथे हात वर जाताना नव्हे, खाली येऊ लागल्यावर चुकवायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत एकही वार न करता नुसतं चुकवत राहा. कंटाळवाणं वाटेल, पण बॉस पाडायचा याहून खात्रीचा रस्ता मला माहीत नाही.

४. प्रत्येक डावाची तोड वेगळी. ब्लॉक (वार अडवणं), डॉज (वार चुकवणं) आणि पॅरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पुष्कळ गेममध्ये डॉज करताना क्षणभर कुठलाच वार लागत नाही. त्यामुळे मागे पळण्यापेक्षा वाराच्या आतून, शत्रूच्या बगलेला निघणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं. 'सेकिरो'त लाल अक्षर चमकलं की साधा ब्लॉक कामाचा नाही. खालून झाडल्यासारखा वार आला तर उडी मारा, पकडायला आला तर बाजूला व्हा, आणि भोसकायला आला तर मिकिरीचं, म्हणजे त्याचं हत्यार पायाखाली दाबायचं, कौशल्य घेऊन पुढेच घुसा. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) मध्ये पवित्रे बदलावे लागतात: तलवारवाल्यापुढे 'स्टोन', ढालवाल्यापुढे 'वॉटर', भालेवाल्यापुढे 'विंड'.

५. घोळका आला तर लॉक-ऑन (कॅमेरा एका शत्रूवर खिळवायची सोय) सोडा, कारण तो नजर एकावरच बांधून ठेवतो. सगळे एका बाजूला दिसतील असे सरका, आणि लांबून बाण मारणारा आधी संपवा.

६. तरीही अडलात तर गेम परवानगी देत असेल तेव्हा त्या एका बॉसपुरती पातळी उतरवा, पुढे परत चढवा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (२०२०) मध्ये शत्रू, साथीदार आणि सामानसुमान यांची काठिण्यपातळी वेगवेगळी लावता येते. तिथे शत्रू आहेत तसेच ठेवून आधी सामान वाढवून बघा.