फोटोंच्या प्रिंट थेट संग्राहकाला विकताय? या चुका टाळा

रामकुंडावरची पहाट, पांडवलेणीच्या पायऱ्या, नांदूरमध्यमेश्वरचे रोहित पक्षी. नाशिकमध्ये उत्तम फोटो काढणाऱ्यांची वाण नाही. प्रिंट विकायची वेळ आली की मात्र चुका ठरलेल्या.

सगळ्यात महाग पडते ती एडिशनची, म्हणजे एका फोटोच्या ठरवून दिलेल्या मोजक्या प्रतींची चूक. २०१५च्या सिंहस्थातल्या स्नानाचा एक फोटो, १६ बाय २४ इंच, १० पैकी ३ क्रमांकाची प्रत, इथल्या एका डॉक्टरांनी विकत घेतला. पुढे फोटोग्राफरने तोच फोटो १२ बाय १८ मध्ये २५ प्रतींच्या ‘नव्या’ एडिशनमध्ये काढला आणि डॉक्टरांना तो कॉलेज रोडवरच्या कॅफेत टांगलेला दिसला. ते भांडले नाहीत. त्या माणसाकडून पुन्हा काही घेतलं नाही आणि ओळखीतल्यांनाही घेऊ दिलं नाही. आकार वेगळा म्हणजे एडिशन वेगळी, हे फोटोग्राफरचं म्हणणं. तसं चालतं, पण पहिल्याच ग्राहकाला ते आधी लेखी सांगितलं असेल तर.

म्हणून पहिली प्रत विकण्याआधी जाड बांधणीच्या वहीत लिहा: आकार कोणते, प्रत्येकाच्या प्रती किती, स्वतःसाठीच्या किती (दहाला एक पुरे). प्रिंटसोबत द्यायच्या प्रमाणपत्रावरही हेच, शिवाय कागद, शाई, छपाईची तारीख. एक्सेल चालेल, पण वहीत खाडाखोड लपत नाही, म्हणून वहीच बरी. आणि दिवाळीच्या सवलतीत आठवी प्रत पहिलीपेक्षा स्वस्त विकू नका. तो पहिल्या ग्राहकाचा अपमान आहे.

दुसरी चूक घाईची, नवख्यांची हमखास. पिगमेंट शाईची (बारीक रंगकणांच्या शाईची) प्रिंट हाताला कोरडी लागते, तरी शाईतली ग्लायकॉलसारखी द्रव्यं हळूहळू उडत राहतात. बरायटा किंवा लस्टर अशा चमक असलेल्या लेपाच्या कागदावरची प्रिंट त्याच संध्याकाळी फ्रेममध्ये बंद केली, की पुढे काचेच्या आतून धुरकट थर धरतो. ग्राहकाला वाटतं, प्रिंटच गेली. प्रिंट १५ मिनिटं उघडी ठेवा, मग साधा कागद झाकून २४ तास. झाकलेल्या कागदाला लाटा आल्या तर नवा टाका. पावसाळ्यात आणखी दोन दिवस द्या. हेअर ड्रायर फिरवू नका. प्रिंट काचेला टेकता कामा नये. मध्ये आम्लमुक्त माउंट बोर्ड (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, फ्रेमवाला कितीही म्हणाला ‘काही होत नाही’ तरी.

२४ मेगापिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) २० बाय १३ इंचांपर्यंत जाते. त्यापुढे ताणण्याआधी छोटा तुकडा छापून बघा. प्रिंट काळपट येत असेल तर प्रिंटरला दोष देण्याआधी मॉनिटरचा उजेड कमी करा. सही कॉटन कागदाच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पिगमेंट शाईचं पेन.

कुरियरने पाठवताना ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कागद दोन इंची नळीत कोंबू नका, वाक बसतो. नळी किमान चार इंची, प्रिंटवर ग्लासीन (पातळ, गुळगुळीत) कागद, आणि टोपणं टेपने पक्की.