पुनर्विकासाला निघालेल्या गल्लीचा आराखडा कसा तयार करावा

पुण्यातील कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांत एकाच गल्लीतील चार-पाच सोसायट्या जवळपास एकाच काळात पुनर्विकासाला निघतात, तेव्हा प्रत्येक इमारतीचा नकाशा स्वतंत्रपणे तयार होतो. त्या सर्वांना जोडणाऱ्या रस्त्याचा नकाशा मात्र कोणीच काढत नाही. तो रहिवाशांनी पुढाकार घेऊन तयार करावा, आणि प्रत्येक सोसायटीची निविदा निघण्यापूर्वीच करावा. विकसकाशी विकसन करारनामा होईपर्यंत अटी घालण्याचा अधिकार सभासदांच्या हातात असतो. त्यानंतर विनंती करणे एवढेच उरते.

सुरुवात मोजमापाने करावी. मंजूर विकास आराखड्यातील रस्त्याची रुंदी आणि सीमाभिंतींमधील प्रत्यक्ष अंतर यांत बहुधा फरक असतो, म्हणून दर वीस-पंचवीस मीटरवर टेप लावून नोंद घ्यावी. झाडे, चेंबर, विजेचे खांब, फीडर पिलर (वीजवितरणाच्या रस्त्याकडेच्या पेट्या), फाटके आणि पावसात पाणी साचणाऱ्या जागाही त्याच कागदावर दाखवाव्यात.

रुंदीचा प्रश्न पुण्यात विशेष महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार इमारतीला मिळणारा जादा चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो आणि टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून हस्तांतरित केलेला बांधकामाचा हक्क) वापरण्यासाठी साधारणपणे किमान ९ मीटर रस्ता लागतो. २०२० मध्येच शहरातील ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिकेत चर्चेला आला होता. परंतु असे रुंदीकरण एका दिवसात होत नाही. जो भूखंड बांधकाम परवानगीसाठी येतो त्याचीच पट्टी रस्त्यात जाते, शेजारची भिंत जुन्या जागीच राहते, आणि मधल्या काळात मोकळ्या झालेल्या तुकड्यावर गाड्या उभ्या राहू लागतात. एकदा तेथे पार्किंगची सवय झाली की ती जागा चालणाऱ्यांसाठी परत मिळवणे फार कठीण जाते. म्हणून ही पट्टी ताब्यात येण्यापूर्वीच तिचा उपयोग नकाशावर ठरलेला असावा.

त्यासाठी रस्त्याचा आडवा छेद काढावा. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांनी फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी सांगितली आहे. ९ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना एवढी जागा सोडली तरी मध्ये ५.४ मीटर उरतात, आणि समोरासमोरच्या दोन मोटारी सावकाश जाण्यास ते पुरतात. मात्र दोन्ही कडांना पार्किंग यात बसत नाही, हे सभासदांना स्पष्ट सांगावे. जुनी झाडे असलेल्या बाजूला फुटपाथ झाडांमागून न्यावा आणि त्यासाठी सोसायटीच्या पुढील सामासिक अंतरातून (इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेतून) थोडी जागा मिळते का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतील सावली ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या जागेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष भूखंड आणि रस्ता यांच्या सीमारेषेकडे द्यावे, कारण गल्ली बिघडते ती तेथेच. तळघरातील पार्किंगचा उतार भिंतीच्या आत सुरू व्हावा. फाटकापुढे फुटपाथ तोडला जाऊ नये, तो त्याच पातळीवर सलग जावा आणि गाडीने तो चढून ओलांडावा. ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याची खोली आणि सुरक्षारक्षकाची केबिन भूखंडाच्या आत असावी. तळघर सीमाभिंतीपर्यंत खोदल्यास रस्त्याकडेच्या झाडांची मुळे तुटतात आणि पावसाचे पाणी मुरायला माती उरत नाही, म्हणून पुढच्या बाजूला मातीची सलग पट्टी राखण्याची अट घालावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर परिसरात काय केले ते पाहिलेल्या भागाने ही अट कधीही सोडू नये. या सर्व बाबी निविदेत आणि नंतर करारनाम्यात शब्दशः लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मोकळ्या जागेचा हिशेब थोडा वेगळा आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे ठेवावे लागते. परंतु १,५०० चौरस मीटरच्या चार सोसायट्या स्वतंत्रपणे बांधल्या गेल्या तर त्यांपैकी एकीवरही हे बंधन येत नाही. भूखंड एकत्र करणे शक्य असेल तर त्याचा गंभीरपणे विचार करावा. ते जमत नसेल तर शेजारी सोसायट्यांनी आपापल्या मोकळ्या जागा एकमेकींना लागून, रस्त्याच्या बाजूला आणि बुटक्या भिंतीआड ठेवाव्यात. ज्येष्ठांना बसण्यासाठी कट्टा, मुलांना खेळायला सावलीची जागा एवढे तरी त्यातून साधते.

तयार आराखडा प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून मंजूर करावा आणि ठरावांच्या प्रतींसह क्षेत्रीय कार्यालय व पथ विभाग यांना द्यावा. फुटपाथ दुरुस्ती किंवा बाके यांसारखी छोटी कामे नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक या योजनेत सुचवता येतात. महापालिका ती २००६-०७ पासून राबवत आहे. एखाद्या प्रकल्पाचे बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या कागदपत्रांत पार्किंग आणि सांडपाण्याची माहिती असते, ती मागवून आपल्या मोजमापाशी ताडून पाहावी.

काम सुरू असताना डंपर आणि काँक्रीट मिक्सर यांच्या वेळा शाळेच्या वेळा टाळून ठरवाव्यात, राडारोडा रस्त्यावर पडू देऊ नये. भोगवटा पत्रासाठी (इमारत वापरण्याच्या परवानगीसाठी) अर्ज जाण्यापूर्वी आराखडा हातात घेऊन भिंतीची रेषा, फाटकाची पातळी आणि मातीची पट्टी प्रत्यक्ष मोजावी, आणि फुटपाथ पूर्ववत होईपर्यंत विकसकाची बँक हमी सोडू नये, अशी तरतूद करारनाम्यातच ठेवावी.