पंतनालला जॅग्वार बघायला जायचंय? मग प्लॅन असा करा

ताडोबात जिप्सीत बसून वाघ बघायची सवय असेल तर ब्राझीलचं पंतनाल वेगळंच वाटेल, कारण इथे जॅग्वार बघायचा तो बोटीतून. पण एजंटला नुसतं "पंतनाल करायचंय" सांगून भागत नाही, हा पाणथळ प्रदेश दीड लाख चौरस किमीच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र! जॅग्वारसाठी उत्तर पंतनाल आणि त्यातही पोर्तो जोफ्रे (नदीकाठची छोटी वस्ती), हे नाव आयटिनररीत लिहून घ्याच.

तिथे कमीत कमी तीन रात्री ठेवा. पैसे वाचवायचे तर रिओ शहरातले दिवस कमी करा पण नदीवरचे दिवस कापू नका, प्लीज.

सीझन जुलै ते ऑक्टोबर. पुराचं पाणी उतरलेलं असतं, मासे आणि केमन (तिकडची मगर) उरलेल्या पाण्यात गोळा होतात नि त्यांच्यामागे जॅग्वार काठावर येतो. सप्टेंबरनंतर उकाडा वाढतो, वणव्यांचा धूरही असू शकतो, 2020 च्या वणव्यांत तर पाव पंतनालहून जास्त जळालं होतं, म्हणून मी ऑगस्ट सुचवेन. फक्त दक्षिणेकडून थंड वारे आले की पारा एकदम खाली येतो आणि पहाटे बोटीत कुडकुडायला होतं, तेव्हा जाड जॅकेट हवंच.

साओ पावलोहून कुयाबाला विमान, तिथून गाडीने 100 किमीवर पोकोने, आणि मग ट्रान्सपंतानेइरा, साधारण 145 किमीचा कच्चा रस्ता, शंभरावर पूल, थेट पोर्तो जोफ्रेला जाऊन संपतो. हा रस्ता एका दमात पार करू नका, वाटेतल्या एखाद्या लॉजवर एक रात्र काढा, कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी), जाबिरू करकोचे आणि निळेशार हायसिंथ मकाऊ पोपट इथेच निवांत दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाइड. बुकिंगआधी दोन प्रश्न विचारा: बोटीत किती जण असतील, आणि प्राणी दिसल्यावर इंजिन बंद करून किती वेळ थांबता? वायरलेसवर "ओन्सा" ऐकू आलं (म्हणजे जॅग्वार) की सगळ्या बोटी तिकडेच पळतात, दहा-पंधरा बोटी एका प्राण्यासमोर. चांगला गाइड अंतर राखतो, जॅग्वार पोहत असेल तर त्याची वाट अडवत नाही, आणि गर्दी पांगल्यावरही थांबायला तयार असतो. केमनची शिकार बघायला मिळाली तर ती अशा थांबण्यातूनच, जॅग्वार पाण्यात झेप घेतो आणि थेट कवटीत दात रुतवतो.

जॅग्वार दिसला नाही म्हणून तोंड पाडून बसू नका, गाइडला सांगा जायंट ऑटर दाखव. पाच-सहा फुटी पाणमांजरं, अख्खं कुटुंब एकत्र फिरतं, मासा दोन्ही पंजांत धरून डोक्याकडून खायला सुरू करतात आणि काटे चावल्याचा कडकड आवाज बोटीपर्यंत येतो. गळ्यावरचे पांढुरके डाग प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून गाइड त्यांना ओळखतात.

कॅमेऱ्याला 100-400 मिमी लेन्स पुरते, बोट हलते म्हणून शटर स्पीड चढा ठेवा. धूळ प्रचंड, सगळं पिशवीत बांधून न्या.

व्हेज असाल तर भात-राजम्यासारखी उसळ रोज मिळते पण त्यात बरेचदा मांसाचे तुकडे असतात, लॉजला आधीच "सेम कार्ने, सेम फ्रांगो, सेम पेशे" कळवा, म्हणजे मटण, चिकन, मासे काही नको.

आणि व्हिसाबरोबरच यलो फीव्हरची लस घ्या, अधिकृत सेंटरवरच, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते ब्राझीलहून भारतात परतताना दाखवावं लागतं, नसेल तर विमानतळावरूनच क्वारंटाइनमध्ये, 6 दिवसांपर्यंत. कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.