मूल हवंय आणि वय तिशीपुढचं: महिने वाया जाऊ देऊ नका

शिक्षण, नोकरी, लग्न, मग नागपुरात बेसा-मनीषनगरकडच्या फ्लॅटचे हप्ते. "आता बाळाचं बघू" म्हणेपर्यंत तिची पस्तिशी जवळ आलेली असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हिशेब बदललेला असतो. पंचविशीत सहा महिने असेच गेले तरी चालतं, छत्तिशीत तेच सहा महिने महाग पडतात.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात 10 ते 20 लाख स्त्रीबीजं असतात. त्यानंतर नवीन बनत नाहीत. पाळी सुरू होईपर्यंत 3-4 लाख उरतात, सदतिशीपर्यंत साधारण 25 हजार. संख्येपेक्षा दर्जा जास्त नडतो. बीज जितकी वर्षं जुनं, तितकी पिकताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. मग गर्भ धरत नाही, किंवा धरून पडतो. तिशीतल्या निरोगी बाईला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण 20 टक्के असते, चाळिशीत ती 5 टक्क्यांवर येते. चाळिशीत साधारण तीनातला एक गर्भ टिकत नाही. डाउन सिंड्रोमचं (एक गुणसूत्र जास्तीचं असलेलं) बाळ होण्याचं प्रमाण पंचविशीला सव्वा हजारात एक, तर चाळिशीला शंभरात एक. आयव्हीएफने बीजाचं वय कमी होत नाही, म्हणून "शेवटी टेस्ट ट्यूब आहेच" या भरवशावर राहू नका.

किती थांबायचं, ते तिच्या वयावरून ठरवा. पस्तिशीच्या आत असेल आणि पाळी नियमित असेल तर एक वर्ष प्रयत्न करा. पस्तीस ते चाळीस असेल तर सहा महिने. चाळिशी ओलांडली असेल तर प्रयत्न सुरू करतानाच डॉक्टरांकडे जा. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, ओटीपोटाचं ऑपरेशन किंवा टीबी होऊन गेला असेल, तर कुठल्याही वयात थांबू नका. टीबीमुळे गर्भनलिका बंद झालेल्या आपल्याकडे बऱ्याच सापडतात, आणि बाईला बाहेरून काही जाणवलेलंही नसतं.

प्रयत्नांच्या आधीची तयारी तीन महिन्यांची धरा. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम. मेडिकलमध्ये सहसा 5 मिलिग्रॅमची गोळी हातात येते. तो डोस मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असलेल्यांसाठी, तोही डॉक्टरांनी सांगितला तरच. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासा. रुबेलाची लस घेतली तर महिनाभर थांबा.

विदर्भात याच वेळी सिकलसेलची (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी दोघांचीही करा. दोघंही वाहक असतील (म्हणजे दोष अंगात आहे, पण आजार नाही) तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून कुणी तपासत नाही. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर (झटपट प्राथमिक चाचणी) थांबू नका, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या पक्क्या चाचण्या मागा. सिंधी घरांत थॅलेसेमियाचे (असाच रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहक जास्त आढळतात, तेही त्यातच कळतं.

आता दिवसांचा हिशेब. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, मागच्या पाळीनंतर 14 दिवसांनी नव्हे. इथे फार जोडपी चुकतात. चक्र 32 दिवसांचं असेल तर, पाळी आली तो पहिला दिवस धरून, बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटेल, म्हणजे 13 ते 18 हे दिवस महत्त्वाचे. शुक्राणू आत 3 ते 5 दिवस तग धरतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून संबंध बीज सुटण्याआधीपासून यायला हवा. चक्र मागेपुढे होत असेल तर गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्यात लहान चक्रातून 18 वजा करा, मोठ्यातून 11. लहान 27 आणि मोठं 31 असेल तर दिवस 9 ते 20. या काळात एक दिवसाआड संबंध पुरेसा आहे. "शक्ती साठवून" आठवड्यातून एकदाच, हा सल्ला चुकीचा आहे. अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं पाणी जायला लागलं की तेच चांगले दिवस. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणं) असेल तर बीज सुटण्याची वेळ सांगणाऱ्या लघवीच्या ओव्ह्युलेशन किटवर विसंबू नका, ते खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

आणि नवऱ्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात. घरोघरी वर्षभर सुनेच्याच सोनोग्राफ्या चालतात आणि मुलाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त, सुई नाही, दुखणं नाही. ती आधी न केल्याने बाईचं हातातलं वर्ष जातं, हा सरळ अन्याय आहे.

नमुन्याआधी 2 ते 7 दिवस संबंध नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा असेल तर तासाभरात पोचला पाहिजे. हिंगण्याहून धंतोलीला जाताना सिग्नल धरून वेळ मोजा, डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवली तर शुक्राणू तापून मरतील आणि रिपोर्ट फुकट खराब येईल. नमुना घ्यायला साधा कंडोम वापरू नका. पहिले थेंब सांडले तर लॅबला सांगा, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. मोजणीची खालची मर्यादा मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख आणि हालचाल करणारे शुक्राणू 42 टक्के. एका खराब रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा.

शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात. खर्रा (तंबाखू-सुपारी), विडी, जिममधली टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोन) इंजेक्शनं आज बंद केली तरी फरक दिसायला किमान तीन महिने लागतील. भट्टी, वेल्डिंग किंवा दिवसभर उन्हात गाडी चालवण्याचं काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. पुरुषाचंही वय लागतंच: चाळिशीनंतर दिवस राहायला वेळ जास्त लागतो आणि गर्भपाताचं प्रमाण थोडं वाढतं.

एएमएच या रक्तातल्या हार्मोनचा आकडा कमी आला की घरात रडारड होते. तो फक्त उरलेल्या बीजांचा अंदाज देतो, नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही ते सांगत नाही. उपचारातल्या औषधांना अंडाशय किती साथ देईल, हे कळायला तो उपयोगी.

पहिल्या भेटीला दोघं मिळून जा, शक्यतो पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. एफएसएचचं (बीज वाढवणारं हार्मोन) रक्त आणि बीजकोश मोजायची सोनोग्राफी त्याच दिवसांत होते, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागतं. सोबत गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या.