घरातलंच कोणी तुमच्या फोनवर पाळत ठेवतंय का? असं तपासा

पुण्यातल्या तापकीर गल्लीत मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. "दादा, बायकोच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून द्या, फक्त तिला कळू देऊ नका," असं सांगणारी गिऱ्हाइकं येतात. मी साफ नकार देतो. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वापरावर अशी पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हे केलं नसतं.

तुम्हाला संशय असेल, तर आधी व्हॉट्सअ‍ॅप बघा. तुमचा उघडा फोन मिनिटभर हाती लागला, की क्यूआर कोड स्कॅन करून तुमचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालू करता येतं. मग तुमचा फोन पर्समध्ये असला तरी मेसेज तिकडे दिसत राहतात. वरच्या तीन टिंबांवर दाबून 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. जे आपलं नाही, ते लॉग आउट करा.

मग गूगल मॅप्स. आपल्या फोटोवर दाबून लोकेशन शेअरिंगमध्ये कुणाचं नाव आहे ते बघा. हे शेअरिंग एकदा कायमचं चालू केलं, की आपण बंद करेपर्यंत चालूच राहतं.

छुपं अ‍ॅप शोधायला जरा वेळ लागतो. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा आणि तिथे कोणत्या अ‍ॅपला परवानगी आहे ते बघा. ही परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं, म्हणून अशी अ‍ॅप्स तीच मागतात. नावही 'सिस्टिम सर्व्हिस'सारखं साधंसुधं असतं. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट', म्हणजे घातक अ‍ॅप्स तपासणारी सोय, तुम्ही न करता बंद झालेलं दिसलं, तर नक्की खोलात जा.

मात्र घरात मारहाणीची भीती असेल, तर सापडलेलं अ‍ॅप लगेच काढू नका. काढल्याचं पाळत ठेवणाऱ्याला कळतं. आधी मैत्रिणीच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आणि आईवडिलांनो, मुलगी रात्री क्लासहून स्वारगेटला बस बदलून येते, तुमचा जीव टांगणीला लागतो, हे मला समजतं. तिलाच व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा. त्यात १५ मिनिटं, १ तास, ८ तास असे पर्याय असतात. एक तास पुरतो. वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. तिने मधेच बंद केलं, तर फोन करून विचारा.